सुई सापडेपर्यंत

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात ज्या कारखान्यात मी काम करते तिथे तान्ह्या मुलांचे कपडे शिवतात. झबली, टोपरी, छोटे सदरे, सगळा माल परदेशी जातो. मी क्वालिटीत आहे. शिलाई मशीनची सुई तुटली की ती लाइन थांबते, मी जाते, आणि सगळे तुकडे जुळून पूर्ण सुई होईपर्यंत तिथून एकही कपडा हलत नाही. टोक सापडलं नाही तर त्या टेबलावरचा सगळा ढीग बाद. बायका वैतागतात, सुपरवायझर घड्याळाकडे बघत राहतो, मी ढिम्म. माझी नजर फार तेज आहे असं कारखान्यात बोललं जातं. खसखशीएवढा तुकडा आधी मला दिसतो आणि मग मी दाखवल्यावर बाकीच्यांना.

नजरेबिजरेचं काही नाही. मला भीती वाटते. ट्रेनिंगच्या वर्षी मशीनची सुई माझ्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली होती. मशीनचं चाक हाताने उलटं फिरवून ती बाहेर काढेपर्यंत जे काही झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरले की टोकदार वस्तू मला सगळ्यात आधी दिसते. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मला नवऱ्याआधी त्याच्या उपरण्याची टाचणी दिसली. हे मी कौतुकाने सांगत नाही. दुखण्याला इतकं भिणारं माणूस कुठेच सुखाने बसू शकत नाही.

आणि पदरात पडला तो शिंपी. बार्शीला माझ्या माहेरी हा विनोद अजून चालतो. सुदीपची माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरलाच. घरात मराठी बोलतात खरी, पण पहिलं वर्षभर मला त्यातलं निम्मंच कळायचं, उरलेलं कन्नड. घर मंडी मोहल्ल्यात, अरुंद गल्लीत. पुढे सुदीपचं दुकान, मधे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. सगळीकडे सासऱ्यांनी घालून घेतलेली लाल गुळगुळीत जमीन. सासरे आता नाहीत. घरात आम्ही तिघंच, मी, सुदीप आणि सासूबाई. गल्ली त्यांना शांताक्का म्हणते, मी आई म्हणते.

आईंना शुगर आहे. पायांत संवेदना उरलेली नाही. खडा टोचला, चटका बसला, काही कळत नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, बन्नूरच्या रुक्मिणीबाईंचं, असंच झालं होतं. शेताच्या बांधावर काटा घुसला, तो त्यांना कळलाच नाही, आणि कळलं तेव्हा गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय की रोज संध्याकाळी आईंचे तळवे नीट बघायचे. ते काम माझं. आईंना घरात चप्पल घाला म्हटलं की त्या विठ्ठलाच्या फोटोकडे बोट दाखवायच्या. देवासमोर चप्पल घालून फिरायला त्या तयार नव्हत्या.

त्या रविवारी दुपारी सुदीप हॉलमध्ये खिडकीखाली बसून नवरीच्या ब्लाउजवर मणी लावत होता. मणी ओवायची सुई केसासारखी बारीक असते. या घरात एक शिस्त आहे. दोरा संपला तरी सुई बिनदोऱ्याची खाली ठेवायची नाही, आधी नवा दोरा ओवायचा आणि मगच उठायचं. दोरा असला की पडलेली सुई दिसते. त्या दिवशी दोरा संपला आणि नेमका नवरीच्या आईचा फोन आला. सुदीपने सुई ब्लाउजवर ठेवली, फोन घेतला, आणि बोलता बोलता उठून उभा राहिला.

"सुई पडली," तो म्हणाला.

या शब्दावर घरातला प्रत्येक माणूस असेल तिथे थांबतो. ही पण शिस्तच. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले. आई देवाच्या फोटोपाशी थांबल्या, पण त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्या उभ्या उभ्या वाती वळत राहिल्या.

आम्ही शोधलं. दोरीला लोहचुंबक बांधून सगळ्या हॉलभर ओढलं. बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडला, म्हणजे केसाचीसुद्धा सावली पडते. ब्लाउजचं अस्तर उसवलं. सुई नव्हती. संध्याकाळी मी आईंचे तळवे बोटांनी चाचपून बघितले. तिथेही नव्हती.

"इरली गं, असू दे," आई म्हणाल्या. "सापडेल कधीतरी. जेवा आधी."

पण आम्हांला आता घरात पाऊल उचलून टाकता येईना. पाय उचलला की तो खाली टेकेल कशावर, ही भीती. म्हणून आम्ही पाय घासत, सरकवत चालायला लागलो, सुदीप आणि मी दोघंही, मान खाली घालून. दोन दिवसांत सुदीपने न्हाणीच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. एका सकाळी तो कॉफी पिताना म्हणाला, "मिशा काढल्या मी. काही बोलली नाहीस." कधी काढल्या, म्हटलं. "परवा." मी परवापासून त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख वाढलंय एवढं मात्र मी बिनचूक सांगू शकले असते. आम्ही हसलो. हसतानाही आमचे डोळे जमिनीवरच होते.

शेवटी मी सुपरवायझरला सांगून कारखान्यातलं हातात धरायचं डिटेक्टर घरी आणलं. लोखंडाचा कण जरी असला तरी ते पीं करतं. मी हॉलच्या एका भिंतीपासून सुरुवात केली आणि वीत वीत पुढे सरकले. हॉलच्या मधोमध ते वाजलं.

तिथे काही नव्हतं. जमीन सलग, कुठे भेग नाही, चीर नाही. खाली माती, सळई असायचं कारण नाही. मी हात फिरवला, नखाने खरवडलं, भिंग लावून बघितलं. मशीन मात्र वाजत राहिलं. मग मी दुकानातून कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि जिथपर्यंत आवाज येतो तिथपर्यंत रेघ ओढत गेले. हे माझं रोजचं काम आहे, हद्द ठरवायची आणि मग आत शोधायचं. एक आकार पूर्ण झाला. त्याच्या शेजारी, चार बोटं सोडून, मशीन पुन्हा वाजलं. दुसरा आकारही पहिल्यासारखाच निघाला. लांबट, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला गोल.

सुदीप दुकानातून आत आला.

"हे काय, चांभाराकडं माप दिल्यागत?" तो हसून म्हणाला. मग त्याने स्वतःचं पाऊल त्या आकाराशेजारी टेकवलं. त्याचं पाऊल मोठं होतं. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. माझी पावलं लहान आहेत.

"कोणाचं माप घेतलंस?"

मी मशीन बंद केलं. त्याने ओलं फडकं आणून ते पुसून टाकलं, पुन्हा पुन्हा, खडू गेल्यानंतरही.

दुसऱ्या दिवशी त्या जागी मशीन वाजलं नाही. ते दोन पावलं पुढे, स्वयंपाकघराच्या बाजूला वाजलं. बॅटरी उतरली असेल म्हणून मी सेल बदलले. ओल असेल, खाली जुना पाइप असेल, असंही मनाशी म्हणून झालं. पाइप रात्रीतून सरकत नाही हे मला माहीत होतं. त्यानंतर मी मशीन पेटीत घातलं आणि कपाटावर ठेवून दिलं. घाबरलेल्या माणसाला सगळीकडे तेच दिसतं हे मला स्वतःवरून चांगलं ठाऊक आहे, आणि त्या आठवड्यात मी ते स्वतःला बरेचदा सांगितलं.

घरात मान वर करून चालणाऱ्या फक्त आई होत्या. त्यांना दुखणारच नव्हतं, मग त्यांनी खाली बघायचं कशाला. त्या सरळ, सावकाश चालायच्या, आणि मी त्यांच्या पावलांवर डोळे लावून मागे मागे. म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं. हॉलमधून जाताना त्यांची पावलं एके ठिकाणी वळायची. समोरून कोणी आलं की आपण वाट देतो, तशी. पदर आवरून घ्यायच्या आणि पुढे जायच्या. वळण्याची जागा रोज थोडी बदलायची.

एका संध्याकाळी त्यांचे तळवे बघता बघता मी विचारलं, "आई, हॉलमध्ये कशाला वळसा घालता?"

"ती असती न मधे."

"कोण?"

"तू आणलेली गं. सुई हुडकायला." त्या जरा नाराजीनेच म्हणाल्या. "मी विचारणारच होते तुला. कारखान्यातली आहे काय? दिवसभर उभी असती बिचारी, पाणी पण बेडा म्हणती, नको म्हणती."

माझ्या हातात त्यांचा पाय होता. तो मी सोडला नाही, बोटांच्या फटी पुन्हा एकदा तपासत राहिले.

"कशी आहे दिसायला?"

"काय की. तोंड कुठं दिसतंय तिचं? तुमच्यासारखीच, सारखी खाली बघत असती."

मी सुदीपला सांगितलं. त्याने हातातलं काज पुरं केलं. मग म्हणाला, "वयामुळं असेल. डॉक्टरला विचारू." आणि थोड्या वेळाने, "तू वर बघितलंस का? हॉलमध्ये?"

"नाही."

"मी पण नाही."

इतकी सोपी गोष्ट. हॉलच्या मधोमध उभं राहायचं आणि मान वर करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून चांगलं ऊन आत आलेलं असताना, मी ते करायला गेले. डोळे जमिनीवरून एक वीतभर उचलले आणि लगेच डाव्या पायाखाली काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. नजर परत खाली. तिथे नुसता उन्हाचा कवडसा होता. मी पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तेच झालं. सुई मला वर बघू देत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मी सुईची आभारी होते.

त्याच आठवड्यात एकादशी आली. आमच्याकडे एकादशीला संध्याकाळी भजन असतं. सासरे गेले त्या महिन्यातही ते चुकलं नव्हतं. या वेळी नको, मी आईंना म्हटलं, इतकी माणसं अनवाणी येणार. आईंनी ऐकून घेतलं नाही. "सुईसाठी विठ्ठलाला उपाशी ठेवू?" मग मी सगळा हॉल पुन्हा झाडला, पुसला आणि त्यावर जाड सतरंजी अंथरली. फक्त देवासमोरची जागा आरतीसाठी मोकळी ठेवली.

गल्लीतल्या बायका आल्या. कमलिनी नावाची शेजारीण चाल धरते, तिच्या मागे बाकीच्या. टाळ वाजत होते, उदबत्तीचा वास होता, बाहेर अजून उजेड होता. बऱ्याच दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं. आरतीला सगळ्या उभ्या राहिल्या. मी मोकळ्या जागेच्या कडेला, मान खाली.

त्या बायकांना मी पायांवरून ओळखत होते. कमलिनीची करंगळी वाकडी आहे. तिच्या सुनेची जोडवी चांदीची, नवी. शेजारच्या आजींच्या टाचेला भेगा. आई तबक घेऊन एकेकीसमोर जात होत्या, त्यांची पावलं मी ओळींमधून सरकताना बघत होते.

माझ्या आणि त्यांच्या मधे आणखी एक पावलांची जोडी होती.

ती सतरंजीवर नव्हती. मोकळ्या जागेत, उघड्या जमिनीवर होती. लहान पावलं, माझ्याएवढी. जोडवी नाहीत. आधी मला वाटलं त्वचा खरखरीत आहे. मग नीट दिसलं. बोटांपासून घोट्यापर्यंत बारीक बारीक टोचे होते, एकाला एक लागून, शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर असतात तसे. रक्त कुठेच नव्हतं. टोचे जुने होते.

मी वर बघितलं नाही.

उजवी टाच हळूच उचलली गेली.

तिच्याखाली सुई होती. आडवी नाही. टोक वर करून, नेढ्यावर उभी. सुई अशी उभी राहत नाही. मी इतकी वर्षं सुयांमधे काढली आहेत.

ती पावलं एका बाजूला झाली. वाट दिल्यासारखी.

आणि त्या वाटेवर आईंची पावलं आली.

हाक मारायला वेळ नव्हता. मी खाली झेप घेतली आणि सुईवर हात ठेवला. आईंचा पाय माझ्या हातावर पडला, सगळं वजन घेऊन. सुई तळहातात शिरली. ती आत जाताना हाताच्या कडेखालून मला दिसली.

मी दुखण्याची वाट बघत राहिले.

ते आलं नाही.

"आई गं," वरून आवाज आला. आईंचा. तबक पडलं, ज्योत विझली. "टोचलं गं. पायाला टोचलं."

बायकांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मी त्यांचा तळवा बघितला, उजेडात धरून, बोटांनी दाबून. ओरखडासुद्धा नव्हता. पण मी दाबलं की त्या पाय मागे घेत होत्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. "दुखतंय," त्या कमलिनीला सांगत होत्या, "विठ्ठलानं दिलं बघ, दुखतंय मला." सुदीपने माझ्या तळहातातली सुई चिमट्याने काढली. आपलीच आहे, म्हणाला. तो काढत असताना मी खिडकीबाहेर बघत होते. त्याने दोनदा विचारलं, फार दुखतंय का. नाही म्हटलं, तर त्याला वाटलं मी धीर धरून आहे.

डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, शुगर ताब्यात आली की संवेदना थोडीफार परत येते. आईंची शुगर होती तेवढीच होती, पण मी वाद घातला नाही. त्यांचा पाय वाचला होता. मला तेवढंच हवं होतं, आणि ते मिळालं म्हणून मी मनापासून हात जोडले.

आता घरात सुदीप पुन्हा पाय उचलून चालतो. त्याने मिशा परत वाढवल्या आहेत. आई मात्र पाय घासत चालतात. भात सांडला तरी थांबतात, खडा असेल म्हणून. सतत जमिनीकडे बघतात. हॉलमध्ये त्या आता वळत नाहीत, सरळ जातात. मला ते बघवत नाही.

हाताची जखम भरली. गेल्या आठवड्यात कारखान्यात एका झबल्यात सुईचं टोक राहिलं. ते माझ्या हाताखालून गेलं, मी त्यावर बोट फिरवलं, आणि मला ते दिसलंही नाही, लागलंही नाही. शेवटच्या डिटेक्टर मशीनने पकडलं म्हणून निभावलं. आज सकाळी न्हाणीत तांब्याभर पाणी पायांवर घेतलं आणि साबण शोधत राहिले. पाणी किती कढत होतं ते मला वाफ दिसली तेव्हा कळलं.

मी हल्ली मान वर करून चालते. खाली बघायचं काही कारणच उरलेलं नाही.

हॉलमधली ती अजून खालीच बघते. तेवढं बरं आहे.

दुपारी आई हॉलमधून चालल्या होत्या, माझा हात धरून, एकेक पाऊल चाचपत. मधेच थांबल्या आणि जमिनीकडे बघतच विचारलं, "ती गेली काय गं? सुई तर सापडली."

"गेली, आई," मी समोर बघत म्हटलं, आणि त्यांना हळूच ओढून बाजूने नेलं.